एका वेळेस चौतीस ग्रॅम

दुकानातल्या फळीवर बार्बेक्यू सॉसच्या बाटल्या ओळीने उभ्या असत. बाटली फिरवून मागचं लेबल वाचायची सवय असलेल्यांना त्यात एक गोष्ट हटकून दिसे. बाकी सगळ्या बाटल्यांवर छापलेलं असे, एका वेळचं प्रमाण पंधरा ग्रॅम. एकाच बाटलीवर चौतीस. त्यामुळे पंधरावाल्यांच्या तक्त्यात साखर साडेपाच ग्रॅमच्या आत बसे आणि या बाटलीवर बाराच्या वर जाई. आतला माल साधारण सारखाच होता. काकवी, टोमॅटोचा गर, व्हिनेगर, मोहरी, मीठ आणि धुराचा वास. शंभर ग्रॅमचा हिशेब केला तर साखर सगळ्यांचीच छत्तीसच्या आगेमागे निघे. पण हातात पिशव्या घेऊन फळीसमोर उभं असताना शंभर ग्रॅमचा हिशेब कोण करतो?

चौतीस हा आकडा कुठल्याही पुस्तकातून आला नव्हता. तो कारखान्याच्या कँटीनमधून आला होता आणि तो आणला होता प्रयोगशाळेतल्या काटेबाईंनी.

हे त्यांचं आडनाव नव्हे. बॉयलरच्या मागे, पूर्वी रिकामी खोकी ठेवत त्या खोलीत प्रयोगशाळा होती. भिंतीत पक्की बसवलेली दगडी फरशी, फरशीवर काचेची पेटी आणि पेटीत वजनाचा काटा. बाहेरून मालाची ढकलगाडी गेली की काट्यावरचा शेवटचा आकडा थरथरे. मग बाई हात वर करून थांबत आणि खोलीत जो कुणी असेल त्यालाही थांबवत. एकदा झाकणाच्या मशीनवरची बाई दर तासाला तपासायची बाटली द्यायला आली असताना तिलाही असं उभं राहावं लागलं. तिने परत जाऊन सगळ्यांना सांगितलं, "आत काटेबाई आहेत. श्वास घ्यायचा असेल तर बाहेर घेऊन जा." तेव्हापासून तेच नाव. पगाराच्या पाकिटावरसुद्धा कुणीतरी एकदा पेन्सिलने तेच लिहिलं होतं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या बाविसाव्या वर्षी तिथे लागल्या. काम ठरलेलं होतं. रोजच्या मालातली साखर, मीठ, आंबटपणा आणि घट्टपणा तपासायचा. मीठ मोजायचं तर आधी सॉसची राख करावी लागे. त्यात साखर एवढी की तापवताना तो काळा फेस होऊन चिनीमातीच्या वाटीबाहेर चढे आणि भट्टीत सांडे. पहिल्या महिन्यात त्यांनी सात वाट्या वाया घालवल्या. मग वाटीत तेलाचे दोन थेंब टाकून अगदी मंद आचेवर सुरुवात करायची, हे त्यांचं त्यांनाच सापडलं. राख पांढरी झाली की ती पाण्यात कालवायची आणि काचेच्या नळीतून चांदीच्या क्षाराचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. रंग कळावा म्हणून पिवळं केलेल्या त्या पाण्याला विटकरी छटा आली की थांबायचं. त्या द्रावणाचे डाग बोटांवर पडत, काळपट तपकिरी. साबणाने जात नसत, कातडीबरोबरच जात.

घरी त्या डागांचा उद्धार जाऊबाई करत. दोघींचं स्वयंपाकघर एक होतं.

"कॉलेजात एवढी वर्षं घातली आणि शिकली काय, तर सॉस करपवायला," जाऊबाई म्हणत. "ते मला घरबसल्या जमतं."

"तुम्ही करपवता त्याची राख पांढरी होत नाही, वहिनी."

"होईल की. तू तासभर माहेरी फोन कर, मी गॅस बंद करायची नाही."

बाटल्यांवर पोषणमूल्यांचा तक्ता छापण्याचा नियम आला तेव्हा काटेबाईंना नोकरीत सहा वर्षं झाली होती. त्यांनी शंभर ग्रॅमचे आकडे चार दिवसांत काढून दिले. उष्मांक एकशे सदुसष्ट, साखर छत्तीस ग्रॅम, मीठ दोन पूर्णांक सहा दशांश, चरबी नावाला. तक्त्याचा दुसरा रकाना होता एका वेळच्या प्रमाणाचा. तो घेऊन त्या मोठ्या मालकांकडे गेल्या.

मोठे मालक जाडजूड, कमी बोलणारे गृहस्थ होते. सॉसची मूळ कृती त्यांच्या आईची आणि ती बदलली तर आपल्याला स्वप्नात ओरडा बसेल, असं ते गंभीर चेहऱ्याने सांगत.

"एक वेळ म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"सगळे एक मोठा चमचा धरतात. पंधरा ग्रॅम."

"चमच्याने कोण घेतं सॉस?"

मालकांनी जेवणाचा डबा उघडला, झाकणात बाटली उलटी केली, नेहमीसारखा सॉस ओतला आणि झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. "मोजून आणा."

एक्केचाळीस ग्रॅम भरले.

"मी जरा हावरट आहे," मालक म्हणाले. "बाकीच्यांचं बघा."

पहिल्या वेळी बाईंनी एक चूक केली आणि ती फक्त त्या कारखान्यातच होऊ शकली असती. त्यांनी सूचनाफलकावर व्यवस्थित अक्षरात कागद लावला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत भाजलेलं चिकन आणि बटाटे मिळतील, प्रत्येकाने नेहमीप्रमाणे सॉस घ्यावा, वजन नोंदवलं जाईल. शुक्रवारी लोक इस्त्रीचे कपडे घालून आले. कढईवर सॉस शिजवणारे काका दाढी करून आले, हे त्यांच्या बाबतीत लग्नाखेरीज पहिल्यांदाच घडत होतं. एकेकाने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि सासरी पहिल्यांदा जेवायला बसल्यासारखा ताटाच्या कडेला एक ठिपका सोडला. सरासरी आली अकरा ग्रॅम.

मोठ्या मालकांनी कागद वाचला. "ही माणसं सॉस ओततायत की डोळ्यांत औषध घालतायत?"

दुसऱ्या वेळी फलकावर काही लागलं नाही. बाईंनी सकाळीच कँटीनमधल्या बाटल्यांच्या बुडावर खडूने आकडे घातले, बाटल्या तोलल्या आणि परत जागेवर ठेवल्या. जेवण झाल्यावर पुन्हा तोलल्या. प्रत्येक टेबलावर किती जण बसले ते आधीच मोजून ठेवलं होतं. संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला आकडा सांगितला, छत्तीस. नवरा नकाशे काढणाऱ्या कचेरीत होता. त्यालाही अशा गोष्टींत रस असे.

"ताटात उरलेला वजा केलास?"

केला नव्हता. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तोललं आणि या वेळी मोरीजवळ उभं राहून रबराच्या पट्टीने पंचेचाळीस ताटं पुसून घेतली. ताटामागे दोन ग्रॅम निघाले. बाकी राहिले चौतीस.

हाच आकडा छापला गेला. विक्रीच्या माणसाने डोक्याला हात लावला. आपणच आपल्या बाटलीवर साखर बारा ग्रॅम लिहिणार आणि शेजारची बाटली पाच लिहिणार, हे त्याच्या पचनी पडेना. मोठे मालक म्हणाले, "खातात तेवढं लिहिलंय. खोटं असेल तर सांग."

तेव्हापासून वर्षातून एकदा ओतण्याचा दिवस होऊ लागला. तारीख फक्त बाईंना माहीत असे. तरी सकाळी कँटीनमधून चिकन भाजल्याचा वास आला की सगळ्यांना कळायचं ते कळे, पण इतक्या वर्षांत लोकांना लाजायचा कंटाळा आला होता. उलट आता चढाओढ लागे. कढईवाले काका मुद्दाम बाटलीचं बूड थोपटत आणि बाईंकडे बघत.

"काका, आकडा बिघडवू नका."

"मी शिजवतो, मीच कमी खाऊ? लोक म्हणतील यात काहीतरी आहे."

"काल तुमच्या कढईत मीठ दोन पूर्णांक नऊ निघालं."

"जिभेला बरोबर लागलं होतं."

"मग जिभेवर तपासणीचा शिक्का मारून घ्या."

झाकणवाली आपल्या टेबलावर सगळ्यांची ताटं सारखी व्हावीत म्हणून स्वतःच वाढायला बघे आणि बाई तिला दर वर्षी खाली बसवत. जेवणानंतर बाई मोरीजवळ पट्टी घेऊन उभ्या राहत आणि लोक ताट त्यांच्या हाती देताना "माझं पुसायची गरज नाही" असं ऐटीत सांगत. त्या दिवसांबद्दल आजही ती माणसं भेटली की आधी हेच निघतं, मोरीपाशी लागलेली रांग. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एकाने तर त्या दिवशी जेवायला बोलवावं असा अर्ज केला होता. आपल्या जाण्याने सरासरी खाली आली असेल, हे त्याने दिलेलं कारण.

आकड्यांची एक पुठ्ठ्याची वही होती. चौतीस, पस्तीस, तेहतीस, चौतीस. एका वर्षी एकोणतीस आला. बाटलीला अरुंद तोंडाचं नवं झाकण बसवलं होतं. मोठ्या मालकांना वाटलं लोकांची आवड उतरली. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. बाईंनी दोन महिन्यांनी पुन्हा तोललं तर चौतीस. लोकांनी बाटली जास्त वेळ उलटी धरायला शिकून घेतलं होतं.

अधूनमधून पत्रं येत. एका बाईने लिहिलं होतं की नवऱ्याच्या मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे ती दिवसाचं मीठ मोजून देते, आणि तुमच्या बाटलीवरचा आकडा आमच्या ताटाशी जुळतो म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्याला हा सॉस देता येतो. काटेबाईंनी ते पत्र घरी कुणाला दाखवलं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात, आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवलं.

मोठे मालक गेले आणि त्यांच्या पुतण्याने कारखाना हाती घेतला. नवे मालक चाळिशीचे, लवकर येणारे आणि कामगारांना नावानिशी ओळखणारे होते. त्यांच्याबद्दल वाईट सांगावं असं कुणाकडे फारसं नव्हतं. सहा महिने सगळं समजून घेतल्यावर एका सकाळी ते प्रयोगशाळेत आले आणि बाईंनी हात वर केल्यावर न सांगता थांबले. काटा स्थिर झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"बाई, दुकानात आयांना उभं राहून बघितलंय मी. बाटली फिरवतात, बारा वाचतात आणि परत ठेवतात. शेजारची उचलतात."

"शेजारच्या बाटलीतही तेवढीच साखर आहे."

"मला माहितीये. त्यांना नाही." ते स्टुलावर बसले. "पंधरा लिहायला कायद्याची आडकाठी नाही. सगळे लिहितात. तक्त्यावर तुमची सही लागते म्हणून आलोय."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर भरणीची दुसरी लाइन बंद करावी लागेल. अकरा माणसं आहेत तिच्यावर. धमकी देत नाही, आकडे दाखवतो हवे तर."

बाईंनी आकडे मागितले नाहीत. खोटं बोलणारा माणूस असा स्टुलाच्या कडेवर बसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. पण बावीस वर्षं ज्या आकड्याखाली त्यांनी सही केली होती तो त्यांनी ताटं पुसून मिळवला होता. दुसऱ्या कुणाच्या बाटलीवरून बघून पंधरा लिहायचा, हे त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं.

"आपण ओतवून बघू," त्या म्हणाल्या. "या वर्षीचा राहिलाच आहे. वीसच्या खाली आला तर पंधरा लिहा, मी सही करते. वर आला तर चौतीस राहील, मग लाइनचं तुम्ही बघा."

नव्या मालकांनी विचार केला. "ठरलं."

दारात झाकणवाली अकरा वाजताची बाटली घेऊन उभी होती. ती कधीपासून उभी होती हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. तिने बाटली ठेवली आणि ती गेली.

ओतण्याचा दिवस पुढच्या गुरुवारी झाला. सहा टेबलं, पंचेचाळीस माणसं. कँटीन नेहमीसारखं भरलं होतं, फक्त आवाज कमी होता. कढईवाल्या काकांनी बाटलीचं बूड थोपटलं नाही. मोरीजवळ ताटं आली ती पावाने पुसलेली, कोरडी. रबराच्या पट्टीला काही लागेना. चिकन मात्र बऱ्याच ताटांत अर्धं राहिलं होतं. ते नुसतंच घशाखाली उतरलं नव्हतं.

बाईंनी बाटल्या तोलल्या आणि ओळी मांडल्या. पाच टेबलांवर, चाळीस माणसांत मिळून पाचशे चाळीस ग्रॅम. माणशी साडेतेरा. सहावं टेबल कचेरीचं होतं. त्यावर नवे मालक आणि त्यांचे चार जण बसले होते. तिथे माणशी तेहतीस. सगळ्यांची सरासरी पंधरा पूर्णांक सात दशांश.

नव्या मालकांनी वही दोनदा वाचली. त्यांचं बोट सहाव्या ओळीवर थांबलं.

"आमच्या टेबलाचं काय झालं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते खिडकीशी जाऊन बाटल्या धुण्याच्या मशीनकडे बघत राहिले.

"म्हणजे हा आकडा खोटा आहे."

"आकडा खरा आहे. ओतलं तेवढंच मोजलंय."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी समजून घेईन, बाई. ठरलं होतं ते असं नव्हतं."

"संध्याकाळपर्यंत थांबा," काटेबाई म्हणाल्या.

झाकणवाली पाळी संपल्यावर हात धुत होती. बाई तिच्या शेजारच्या नळावर उभ्या राहिल्या.

"तू सांगितलंस."

"मीच सांगितलं सगळ्यांना." तिने नळ बंद केला. "दुसऱ्या लाइनवर माझी नणंद आहे. तिची सून आहे. पॅकिंगचा तो पाय अधू असलेला माणूस आहे, त्याला दुसरीकडे कोण घेणार?"

"मला येऊन सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दिवस बदलला असता."

हे खरं होतं. बाईंनी मान हलवली.

"तुम्ही रागावलात?"

"चिकन वाया घालवलंत त्याचा राग आला."

"काका तर कोरडे बटाटे खाताना रडायचे बाकी होते," झाकणवाली म्हणाली. "म्हणाले, चाळीस वर्षं सॉस शिजवला आणि आज पहिल्यांदा कळलं की या कँटीनच्या चिकनला चव नाही."

बाई हसल्या. मग तिच्याच टॉवेलला हात पुसून प्रयोगशाळेत परत गेल्या.

त्यांनी सही केली. वीसच्या खाली आला तर सही, हा शब्द त्यांचा होता आणि आकडा वीसच्या खाली होता. वहीत त्यांनी सहाही टेबलं वेगवेगळी लिहिली, खाली सरासरी लिहिली आणि सहाव्या ओळीपुढे शेरा घातला, "यांना माहीत नव्हतं." मालकांपुढे त्यांनी एकच अट ठेवली. शंभर ग्रॅमचा रकाना आधी यायचा आणि दोन्ही रकान्यांची अक्षरं एकाच आकाराची असायची. इतरांच्या लेबलांवर तो दुसरा यायचा आणि मुंगीच्या पायाएवढा असायचा. नव्या मालकांनी तिथल्या तिथे छापखान्याला फोन लावला.

नवऱ्याचं मीठ मोजणाऱ्या त्या बाईंना काटेबाईंनी पत्र लिहिलं. लेबल बदलतंय, आतला माल बदललेला नाही, तुम्ही जुन्याच आकड्याने मीठ धरा. पत्ता वीस वर्षांपूर्वीचा होता. उत्तर आलं नाही, पत्र परतही आलं नाही.

घरी नवऱ्याने विचारलं, "मग किती आला?" त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, "ओतणाऱ्यांनी ठरवलं म्हणायचं."

दुसरी लाइन चालू राहिली. पुढची सात वर्षं, काटेबाई निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही काही काळ ती चालली. ओतण्याचा दिवस पुन्हा झाला नाही. ज्यांनी एकदा ठरवून कमी ओतलं त्यांना पुन्हा मोजण्यात अर्थ नव्हता आणि हे सांगायला लागलं नाही.

सही झाल्यानंतरच्या सोमवारी बाई जेवायला कँटीनमध्ये आल्या. एरवी त्या डबा प्रयोगशाळेतच खात. झाकणवालीने शेजारची खुर्ची ओढून दिली. टेबलावर सगळ्यांची ताटं पूर्वीसारखी गडद तपकिरी दिसत होती. बाई बघतायत म्हणून कुणी हात आवरला नाही. कढईवाल्या काकांनी बाटलीचं बूड दोनदा थोपटलं आणि बाटली बाईंकडे सरकवली.

"घ्या. इतकी वर्षं आमचंच मोजत आलात. तुमचं कुणी मोजलं नाही."

बाईंनी बाटली उलटी केली. सॉस सावकाश येतो, त्यामुळे टेबलावरच्या सगळ्यांना नीट बघता आलं.

"तीस," कुणीतरी म्हणालं.

"जास्त आहे. छत्तीस," काका म्हणाले.

"चाळीसच्या खाली नाही," झाकणवाली म्हणाली. "आणि अजून थांबल्या नाहीत. काटा आणायचा का बाई?"

"काटा आज बंद आहे," काटेबाई म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.